सोळा भाग, तीन भेटी

वाचकाचं पत्र

"ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची, नाशिकची, एका बँकेत नोकरीला आहे. गेली तीन वर्षं कोरियन मालिका बघते. रात्री जेवणं आटोपली की रोज एक भाग. सध्या घरी स्थळं बघणं चालू आहे. त्यातल्या एका मुलाला मी तीनदा भेटले. चांगला आहे, शांत आहे, नीट बोलतो. पण काही होतच नाही! ना धडधड, ना काही. दुसरीकडे बँकेतला एक सहकारी दीड-दोन महिने मागे लागलाय. मी दोनदा नाही म्हटलं. तरी रोज टेबलावर कॉफी ठेवतो, सुटल्यावर स्कूटरपर्यंत मागे येतो, आणि परवा भर पावसात आमच्या सोसायटीच्या गेटसमोर तासभर उभा होता. मैत्रिणी म्हणतात, 'अगं, अगदी के-ड्रामा!' खरं सांगू, मलाही क्षणभर छान वाटलं. मग रात्री झोप आली नाही. आई म्हणते, या मालिकांनी तुझं डोकं फिरवलंय, बंद कर. फिरवलंय का खरंच? जाता जाता एक छोटी शंका : सबटायटलमध्ये 'आपण औपचारिकपणा सोडूया का?' असं सारखं येतं. ते नेमकं काय विचारत असतात?"
– पावसाने गोंधळलेली, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू मध्येच लिहून पुढे निघून गेलीस : 'मग रात्री झोप आली नाही.' त्या पावसातल्या प्रसंगाबद्दल तुझ्या मैत्रिणींचं एक मत आहे, तुझं क्षणभराचं एक मत आहे आणि तुझ्या झोपेचं एक. यातलं झोपेचं मत खरं धर.

डोकं वगैरे काही फिरलेलं नाही. पण तीन वर्षं रोज एक भाग म्हणजे नजरेला एक वळण लागतंच. ते कुठून लागलं हे कळलं की मालिका बंद करायची गरज उरत नाही, म्हणून आधी ते सांगते.

कोणतीही कोरियन प्रेममालिका घे. नायक नायिकेच्या घराखाली पावसात उभा आहे. आता आठव, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत तुला काय दाखवलेलं असतं? तो आपल्या खोलीत एकटा बसलाय. फोनवर मेसेज लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. लहानपणचा एखादा प्रसंग येऊन जातो, त्याची आई दिसते, त्याचं एकटेपण दिसतं. तो भला आहे, त्याच्या मनात वाईट काही नाही, याची तुझी खात्री आधीच पटवलेली असते. नायिकेला यातलं काहीच माहीत नसतं. तिच्या बाजूने बघितलं तर ज्याला नाही म्हटलं तो माणूस रात्री दाराशी उभा आहे, एवढंच. पण आपण तिच्या बाजूने बघत नाही. आपल्याकडे कॅमेरा असतो, आणि तो नायकाच्या खोलीत जाऊन आलेला असतो.

बँकेतल्या त्या माणसाच्या खोलीत तुझा कॅमेरा गेलेला नाही. तो एकटा असताना काय विचार करतो, चिडला की काय करतो, याआधी कोणाच्या गेटसमोर उभा राहिला होता, यातलं तुला काहीच ठाऊक नाही. ती रिकामी जागा तुझ्या मनाने मालिकांतल्या दृश्यांनी भरली, म्हणून क्षणभर छान वाटलं. त्याची लाज बाळगू नकोस. आपल्यासाठी कोणी थांबलंय याचं सुख कोणालाही होतं. पण क्षणभर छान वाटलं म्हणजे आपण त्याला होकार दिला, असा हिशोब कोणी मांडला, अगदी तू स्वतः मांडलास, तरी तो चुकीचा आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींना सांग. कोरियन भाषेत एक म्हण आहे : दहा घाव घातल्यावर पडत नाही असं झाड नसतं. मुलीच्या मागे लागणाऱ्या मुलाला धीर द्यायला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. आपल्याकडे 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' म्हणतात, त्यातलीच. अभ्यासाला, शेतीला, धंद्याला दोन्ही म्हणी चालतात. माणसाला लावल्या की बिघडतं, कारण झाडाला कोणी विचारलेलं नसतं. खुद्द कोरियातही हे मान्य व्हायला फार वेळ लागला. पाठलागाविरुद्धचं पहिलं विधेयक तिथे १९९९ मध्ये मांडलं गेलं आणि कायदा मंजूर झाला मार्च २०२१ मध्ये. बावीस वर्षं! तोवर मागे लागणाऱ्याला किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याखाली जास्तीत जास्त १ लाख वॉन, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास, दंड होत असे. ऑक्टोबर २०२१ पासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड आहे. म्हणजे ज्या देशाच्या मालिका बघून तुझ्या मैत्रिणी टाळ्या वाजवतायत, त्याच देशात नकारानंतर असं वारंवार घराखाली येऊन उभं राहणं आज गुन्हा ठरू शकतं.

आपल्याकडेही ठरतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ याच वागण्याबद्दल आहे. स्त्रीने आपल्याला रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा झाला तर पाच वर्षांपर्यंत. तू लगेच पोलिसांत जावंस असं म्हणत नाही, पण तुझी जमीन किती पक्की आहे हे तुला माहीत असावं.

आता करायचं काय. तू दोनदा नाही म्हटलंस असं लिहिलंयस, पण कोणत्या शब्दांत ते लिहिलं नाहीस. बहुतेक वेळा आपला नकार असा असतो : 'घरी चालणार नाही', 'सध्या माझं ठरतंय', 'मला आत्ता लग्नच करायचं नाही'. यातली प्रत्येक सबब मालिका डोक्यात भिनलेल्या माणसाला पुढच्या भागाची सोय वाटते. घरी चालणार नाही? मग घरच्यांना पटवूया. ठरतंय? मग मोडेपर्यंत थांबूया. कथेत अडथळा आला की कथा लांबते. म्हणून तिसरा नकार कारणाशिवाय दे आणि लेखी दे. एकच मेसेज :

'तुम्ही रोज माझ्या टेबलावर कॉफी ठेवता, माझ्या मागे स्कूटरपर्यंत येता आणि परवा माझ्या घरासमोर थांबला होतात. मला हे नको आहे. कामापलीकडे तुमच्याशी कोणताही संबंध मला ठेवायचा नाही. यापुढे यातलं काहीही करू नका.'

सुरुवातीला 'सॉरी' नको, शेवटी 'राग मानू नका' नको, हसरा चेहरा तर मुळीच नको. पाठवलास की त्यानंतर त्याच्या कशालाही उत्तर नाही. इथे बहुतेक जणी चुकतात. दहा मेसेज सोसतात आणि अकराव्याला चिडून उत्तर देतात. 'आता बास करा' असं जरी लिहिलंस तरी अकरा मेसेज केले की उत्तर मिळतं हे तो शिकतो, आणि पुढच्या वेळी बारा करतो. कामाचं बोलणं कामाच्या ईमेलवर, शक्यतो तिसऱ्या कोणालातरी त्यात ठेवून.

टेबलावरची कॉफी पिऊ नकोस आणि परत द्यायलाही जाऊ नकोस. परत द्यायला गेलीस की तीही एक भेट होते. शिपायाला उचलायला सांग. (कॉफीचा कप ही प्रेमाची खूण कशी झाली, यामागे एक व्यावहारिक बाजूही आहे. २०१० पासून कोरियन वाहिन्यांना कथेतच उत्पादन दाखवून पैसे घ्यायची परवानगी मिळाली. तेव्हापासून नायक-नायिका इतक्या वेळा कॅफेत का भेटतात आणि कपावरचं बोधचिन्ह नेमकं आपल्याकडे तोंड करून का असतं, हे बघायला लाग.)

एक वही कर. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोण हजर होतं. मागच्या दीड महिन्यातलं जेवढं आठवतं तेही आजच लिहून ठेव. मेसेजचे फोटो काढून ते फोनशिवाय दुसरीकडेही साठव. घरी सांग, सोसायटीच्या वॉचमनला सांग, आणि सुटल्यावर स्कूटरपर्यंत काही दिवस कोणाबरोबर तरी जा.

लेखी नकारानंतरही हे थांबलं नाही तर बँकेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे. समितीची प्रमुख वरिष्ठ स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी, सहा प्रतींत, पुराव्याच्या कागदांसह आणि साक्षीदारांच्या नावांसह. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. सबळ कारण असलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण तू त्यावर विसंबू नकोस. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. आणि तो पुन्हा गेटसमोर दिसला, तर खाली उतरायचं नाही, खिडकीतून बोलायचं नाही, ११२ लावायचा. 'दोन मिनिटं बोलून संपवून टाकते' हा विचार त्या क्षणी फार शहाणपणाचा वाटतो. तसं करू नकोस.

इतकं झालं की मालिकांकडे येऊ, कारण मला त्या मनापासून आवडतात आणि त्यांची बाजूही मांडायची आहे.

जुन्या-नव्या मालिका एकाच मापाने मोजू नकोस. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' २००९ ची. मूळ कथा १९९२ मध्ये सुरू झालेल्या जपानी चित्रकथेची. त्यावर २००१ मध्ये तैवानने मालिका केली, २००५ मध्ये जपानने, मग कोरियाने, २०१८ मध्ये चीनने. श्रीमंत मुलगा आधी छळतो आणि मग प्रेमात पडतो, हे आशियाभर एवढ्या वेळा सांगितलं गेलं की छळ ही प्रेमाची पहिली पायरी वाटायला लागली. मनगट धरून नायिकेला ओढत नेणं त्या काळात जागोजागी सापडतं. २००५ ची 'माय नेम इज किम साम-सून' ही मूळ १६ भागांची मालिका २०२४ मध्ये नव्याने संकलित होऊन ८ भागांत आली. तिशीच्या उंबरठ्यावरची, वजनावरून टोमणे खाणारी, केक बनवणारी नायिका त्या काळात ताजी हवा होती. नायकाची अरेरावी मात्र आज खुपते.

याच्या उलट २०१८ ची 'समथिंग इन द रेन' बघ. तिची नायिका एका कॉफी कंपनीत काम करते. वरिष्ठ पुरुष जेवणावळीत तिला खंजिरी वाजवायला लावतात आणि त्यावरून तिला टोपणनावही पडलेलं असतं. पुढे ती हे सोसणं थांबवते आणि कंपनीत तोंड उघडते. त्याच वर्षी जानेवारीत सो जी-ह्यॉन या सरकारी वकील महिलेने टीव्हीवर येऊन वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं होतं आणि कोरियात वादळ उठलं होतं. मालिका त्याच दिवसांतली आहे. तिच्यात नायिकेचा जुना प्रियकर मागे लागतो ते भीतीदायक म्हणूनच दाखवलंय. तोही म्हणतो की माझं प्रेम आहे. तुझ्या मैत्रिणींना ते भाग दाखव. तोही के-ड्रामाच.

घरी एक प्रयोग कर. तुझ्या आवडत्या मालिकेतलं नायक हट्टाला पेटतो ते दृश्य लाव आणि दोन मिनिटं आवाज बंद करून बघ. पार्श्वगीत गेलं की दृश्यातलं निम्मं प्रेम गळून पडतं. उरतं ते दोन माणसांचं शरीर. ती मागे सरकतेय का? हात सोडवतेय का? तिच्या वाटेत तो उभा आहे का? मग दुसऱ्यांदा बघताना नायकाच्या जागी बँकेतल्या त्या माणसाचा चेहरा ठेव. काही दृश्यं या प्रयोगातूनही तरतात. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधला गर्दीच्या बाजारात हरवलेल्या नायिकेसाठी सुगंधी मेणबत्ती उंच धरून उभा असलेला नायक आठव. तो तिला ओढत नाही. मी इथे आहे, एवढंच तिला दिसेल असं करतो. तिथे आवाज बंद केला तरी काही कमी होत नाही. जे तरतं ते आवडण्यात काही चूक नाही, खुशाल आवडू दे.

आता तुझी दुसरी तक्रार. 'काही होतच नाही.'

आपण हिशोब करू. १६ भाग, प्रत्येकी साधारण ६५ मिनिटं, म्हणजे सव्वासतरा तास. आठवड्याला दोन भाग, आठ आठवडे. पहिल्या भागात दोघं एकमेकांवर आदळतात. दुसऱ्या-तिसऱ्यात काहीतरी कारण काढून त्यांना एका छताखाली आणलं जातं : खोटं लग्न, भाड्याची खोली, एकच प्रकल्प. मग मत्सर. पहिलं चुंबन बहुतेक सातव्या-आठव्या भागाच्या अखेरीस, तेही तीन बाजूंनी दाखवून आणि दृश्य गोठवून. दहाव्या-अकराव्यात जुनं गुपित उघडं पडतं, त्याच सुमारास त्याची आई 'माझ्या मुलाला सोड' म्हणत नायिकेसमोर पैशांचं पाकीट सरकवते, चौदा-पंधराव्यात ताटातूट, सोळाव्यात 'एक वर्षानंतर'. (तेराव्याच्या आसपास कथा रेंगाळते असं तुला वाटत असेल तर बरोबर वाटतं. अनेक वर्षं या मालिकांचं चित्रीकरण प्रक्षेपणाबरोबरच चालायचं. शेवटी शेवटी तर त्या दिवशीचे संवाद त्याच दिवशी कागदाच्या चिटोऱ्यांवर सेटवर यायचे.) म्हणजे धडधडीची पहिली मोठी जागा येईपर्यंत तुझे आठ तास गेलेले असतात, आणि त्या आठ तासांत ती दोघं एकमेकांसमोर स्वयंपाक करतात, आजारी पडतात, भांडतात, शेवटची बस चुकवतात.

तुम्ही तीनदा भेटलात. कॅफेत समोरासमोर, बहुधा पाऊण-एक तास, दोघंही चांगल्या कपड्यांत, दोघांच्याही घरी फोनची वाट बघणारी माणसं. सगळे मिळून अडीच-तीन तास. मालिकेच्या मापाने तू अजून तिसऱ्या भागात आहेस, आणि आत्तापर्यंतचे सगळे भाग एकाच टेबलावर घडलेत. असलं कोणी लिहिलं असतं तर तू दुसऱ्या भागात सोडून दिलं असतंस.

शिवाय इथेही कॅमेऱ्याचीच अडचण आहे. बँकेतल्या माणसाच्या बाबतीत न दिसलेलं तू चांगलं भरलंस, या मुलाच्या बाबतीत न दिसलेलं तू रिकामं धरलंस. भेटून घरी गेल्यावर तो काय करतो? मेसेज लिहून पुसतो का? बहिणीला काही सांगतो का? तुला माहीत नाही, आणि कोणी दाखवणारही नाही. खऱ्या माणसाचं आत शिरायचं दार एकच, त्याला विचारणं.

म्हणून पुढची भेट कॅफेत नको. तीन तासांची ठेव आणि हाताला काम असू दे. सकाळी मिसळ खाऊन सोमेश्वरला चालत फिरा, किंवा तुला घरासाठी काही घ्यायचं असेल तर त्याला बरोबर ने. शेजारी शेजारी चालताना माणूस समोरासमोर बसल्यापेक्षा जास्त मोकळं बोलतो. रात्री घरापर्यंत सोडायला जाणं हे दृश्य या मालिकांत इतक्या वेळा येतं, कारण बोलायला ती खरोखर उत्तम वेळ असते. आणि प्लॅन थोडा फसला तर फसू दे. पाऊस आला, दुकान बंद निघालं, रिक्षा मिळेना, तेव्हा तो कसा होतो ते बघ. फक्त मुद्दाम परीक्षा घेऊ नकोस. 'मी न सांगता त्याला कळतं का' हे बघणं फार मोहाचं असतं, पण मालिकेतल्या नायकाला ते कळतं कारण त्याच्या हातात संहिता असते. तुला अचानक आलेला फोन आवडत असेल तर त्याला सांग : 'मला कामाच्या मध्ये दोन मिनिटांचा फोन आलेला आवडतो.' सांगितल्यावर आलेला फोन काही कमी गोड नसतो.

त्याच्याकडे काय शोधायचं, तेही सांगते. मालिकांतला जो भाग मला खरोखर शिकण्यासारखा वाटतो तो भव्य नाही. कोरियनमध्ये काळजी व्यक्त करायचं नेहमीचं वाक्य 'जेवलीस का?' हे आहे, अगदी आपल्यासारखं. चांगले पटकथालेखक प्रेम त्या पातळीवर लिहितात : तिला कांदा आवडत नाही हे लक्षात ठेवून तो न बोलता काढून टाकणं. मागच्या भेटीत तू सांगितलेलं त्याला आठवतं का? तू बोलताना तो मध्ये तोडतो का? वेटरशी कसं बोलतो? चुकलं तर माफी कशी मागतो, की विषय बदलतो? आणि हेच चारही प्रश्न स्वतःलाही विचार. त्याने पहिल्या भेटीत त्याच्याबद्दल काय सांगितलं होतं, आठवतं का तुला?

गुपिताची जागाही बदल. मालिकेत ते दहाव्या भागापर्यंत दडवतात, कारण उरलेले सहा भाग चालवायचे असतात. तुम्ही साखरपुड्याच्या आधी उघडा. कर्ज किती आहे, कोणाला काही आजार आहे का, आधी कुठे जमून मोडलं का. तुझी बदली झाली तर काय, आईवडील बरोबर राहणार का, पगाराचं काय करायचं, मूल हवं का आणि कधी. हे प्रश्न रूक्ष वाटतात, पण यांतल्या एखाद्या उत्तरावर माणूस जे खरं बोलतो, तिथे कित्येकदा पहिली धडधड होते.

कोरियन प्रेमातली एक रीतही उसनी घेण्यासारखी आहे. तिथे दोघांत काहीतरी आहे पण ठरलेलं नाही, अशा अवस्थेला 'सॉम' म्हणतात. ती संपते 'गोबेक'ने, म्हणजे स्पष्ट शब्दांत सांगण्याने. समोरच्याने हो म्हटलं की 'आजपासून पहिला दिवस' धरतात आणि पुढे शंभरावा दिवस साजरा करतात. गोबेक म्हणजे एकदा नीट विचारणं आणि उत्तर ऐकणं. नकार आला तर दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला त्यात जागा नाही.

सात-आठ तास असे एकत्र घालवूनही पुढच्या भेटीची ओढ वाटली नाही, तर या मुलालाही नाही म्हण. चांगला आहे, शांत आहे, एवढ्यावर लग्न करायचं नसतं. आणि त्यालाही त्याच स्पष्टपणे सांग, घरच्यांकरवी निरोप न पाठवता.

आईचं. तिच्यावर रागावू नकोस. तिला गेटसमोरचा माणूस दिसतोय आणि तो मालिकेतून बाहेर आल्यासारखा वाटतोय. तिच्याबरोबर २०१९ ची 'वन स्प्रिंग नाइट' बघ. 'समथिंग इन द रेन'च्याच दिग्दर्शकाची. ग्रंथपाल मुलगी, एकटा मुलगा वाढवणारा औषधविक्रेता, आणि तिचा आधीचा मित्र. त्या मित्राशी तिचं लग्न व्हावं म्हणून तिचे वडील हटून बसलेत. तो मित्र तिचं नाही ऐकूनच घेत नाही आणि त्याने ती किती थकते, हे भागामागून भाग दिसतं. आईला त्या घरातल्या बहिणी आणि त्यांची आई लगेच ओळखीची वाटेल. तिला हेही सांग की कोरियात एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळ कुळाच्या मुलामुलीला लग्न करायला कायद्यानेच बंदी होती. सगोत्राचाच प्रकार. १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो नियम अमान्य केला आणि २००५ च्या दुरुस्तीत तो कायद्यातून गेला. घराच्या परवानगीवरून एवढी रडारड त्या मालिकांत का असते, हे आईला तुझ्याआधी कळेल. आणि हो, त्या देशातले सगळे तरुण छत्री घेऊन उभे नसतात. २०२३ मध्ये तिथे पहिल्या लग्नाचं सरासरी वय पुरुषांचं ३४ आणि स्त्रियांचं साडेएकतीस होतं. घराच्या किमती आणि कामाचे तास यांपुढे कित्येकांनी लग्नाचा विचारच सोडलाय. तिथल्या मुलीसुद्धा रात्री जेवणानंतर हेच बघतात, आणि त्यांच्याही आयुष्यात ते तसं नसतं.

राहिली तुझी शंका. ती तू जाता जाता विचारलीस, पण मराठी माणसाला तिचं उत्तर सबटायटलपेक्षा नीट कळेल. कोरियनमध्ये बोलण्याच्या दोन ठळक तऱ्हा आहेत, मानाची आणि सलगीची. अनोळखी माणसाशी, मोठ्याशी, कामाच्या ठिकाणी मानाची. वाक्याच्या शेवटी 'यो' ऐकू येतो ती एक सोपी खूण. सलगीच्या बोलण्यात तो 'यो' गळतो. एकीतून दुसरीत आपल्या मनाने उडी मारली तर तो उद्धटपणा, म्हणून विचारतात : 'बोलणं खाली ठेवूया का?' इंग्रजीत अहोजाहो आणि अरेतुरेचा फरकच नाही, म्हणून सबटायटल 'औपचारिकपणा' वगैरे म्हणून वेळ मारून नेतं. पुढच्या वेळी वाचू नकोस, 'यो' कधी थांबतो ते ऐक. पुष्कळ मालिकांत पहिल्या चुंबनापेक्षा मोठा क्षण तो असतो. आणि चिडलेला नायक न विचारता 'यो' सोडतो तेव्हाही ऐक, मनगट धरण्याआधीची ती पायरी असते.

तुझ्या पत्रात दोन्ही माणसांबद्दल तू 'तो' लिहिलंयस, पण तीन भेटींनंतर त्या मुलाला समोरासमोर काय म्हणतेस ते लिहिलं नाहीस. अजून 'तुम्ही'च चालू असेल, तर सोमेश्वरच्या वाटेवर केव्हातरी विचार, 'तुला तू म्हटलं तर चालेल का?' आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
ताई